कुलूप लावून जाताना

घराला कुलूप लावण्यापूर्वी आपण बायका किती गोष्टी आठवून पाहतो! गॅसचा कॉक बंद केला का, नळ घट्ट फिरवला का, दुधावर जाळी ठेवली का, मागच्या खिडकीची कडी लावली का. ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे, त्यांनी या यादीत आणखी एक प्रश्न घालायला हवा. आत राहणाऱ्या मुक्या जिवाचे पुढचे चार-पाच तास कसे जाणार? हा प्रश्न बहुधा परत आल्यावर सुचतो. कुलूप उघडावे तर गादीचा कापूस घरभर, चपलेचा एकच पट्टा शिल्लक आणि दिवाणखान्याच्या मधोमध तळे! मग आधी संताप येतो, नंतर रडू येते आणि शेवटी पदर खोचून आवराआवर करायची ती आपणच.

या वेळी हा विषय घेण्याचे कारण म्हणजे आमच्या भिंगारमधल्याच एका भगिनीचे पत्र. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्या मुलाने हट्ट करून लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आणले. तेव्हा शाळा बंद, कचेऱ्या बंद, सगळे चोवीस तास घरात. पिल्लू माणसांच्या पायात पायात वाढले. पुढे मुलगा कॉलेजसाठी पुण्याला गेला आणि गेल्या जूनपासून या बाईंनीही नोकरी धरली. साडेदहा ते पाच घर बंद. पहिल्या आठवड्यातच कुत्र्याने बाहेरच्या दाराची खालची फळी कुरतडून ठेवली, पडदा ओढून काढला, उंबऱ्याशी घाण केली. शेजारी सांगतात, बाई जिना उतरल्या की रडणे सुरू होते. घरमालकाने दसऱ्याची मुदत दिली आहे. यजमानांचे म्हणणे, पाथर्डी रस्त्याला एखाद्या ढाब्याजवळ सोडून येऊ, तिथे खायला मिळेल, जगेल. बाईंनी शेवटी इतकेच विचारले आहे की, इतक्या मायेने वाढवलेला कुत्रा असा उलटला कसा, आणि आता करायचे काय?

पत्र वाचून मी त्यांच्या घरी जाऊन आले. भिंगार म्हणजे लांब थोडेच आहे! तिथे काय पाहिले ते सांगतेच. पण आधी थोडी माहिती, कारण औषध रोग ओळखल्यावर द्यायचे असते.

नासधूस एक, कारणे तीन

कुत्रा घरात नासधूस करतो त्याची ठळक कारणे तीन. तिन्हींचा परिणाम एकसारखा दिसतो, म्हणून आपण तिन्हींना ‘मस्ती’ हे एकच नाव देतो आणि तिथेच चुकते.

पहिले कारण दातांचे. पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात. साधारण चवथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. आपले तान्हे बाळ नाही का, हाताला लागेल ते तोंडात घालत? पिल्लूही तसेच चप्पल, खुर्चीचा पाय, चटईची कड चावत राहते. हे वय सरले की खोड पुष्कळशी कमी होते.

दुसरे कारण रिकामपणाचे. कुत्र्याच्या बहुतेक जाती माणसाने कामासाठी घडवल्या आहेत. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळी ओढायला मदत करीत; पुढे इंग्लंडात शिकाऱ्यांनी त्यांना पाडलेले पक्षी तोंडात धरून आणायला शिकवले. म्हणजे तोंडात काहीतरी धरणे हे त्याचे पिढीजात काम! जर्मन शेफर्ड नावाप्रमाणेच मेंढपाळाचा कुत्रा. लांब कशाला, आपल्या नगर जिल्ह्यातल्या धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात तेव्हा मेंढरांबरोबर मैलोन्‌मैल चालणारी कुत्री पाहा. दिवसभर चाल आणि रात्रभर राखण. त्यांच्याच भाऊबंदाला आपण दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आणतो, सकाळी दहा मिनिटे खाली फिरवतो आणि दिवसभर गप्प पडून राहा म्हणतो. अंगातली रग जायची कुठे? ती उशीवर निघते.

तिसरे कारण सगळ्यांत अवघड, आणि ते म्हणजे भीती. काही कुत्र्यांना एकटे राहणे खरोखरच सोसत नाही. आपले माणूस दिसेनासे झाले की त्यांची छाती धडधडू लागते, लाळ गळते, धाप लागते. बाहेर पडण्यासाठी ती दार ओरबाडतात, इतकी की नखे तुटून रक्त येते. समोर आवडीचा खाऊ असला तरी तोंड लावत नाहीत. ज्या पिल्लांनी लहानपणी एकटेपणा कधी अनुभवलाच नाही त्यांना हे जड जाते. टाळेबंदीतली पिल्ले आठवा. घर बदलले, घरातले एखादे माणूस कायमचे दूर गेले, रोजची वेळ एकदम बदलली, तरीही हे सुरू होऊ शकते. आमच्याकडे छावणी असल्यामुळे लष्करातल्या कुटुंबांच्या बदल्या नेहमीच्याच. नव्या क्वार्टरमध्ये सामान लागले तरी कुत्र्याचा जीव लागायला वेळ लागतो, हे त्या घरातल्या बायका चांगले जाणतात.

ओळखायचे कसे?

कुठे आणि केव्हा, हे दोन प्रश्न विचारा. नासधूस मुख्यतः दार, चौकट, खिडकी अशा बाहेर जाण्याच्या वाटांजवळ असेल आणि तुम्ही निघाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच होत असेल, तर भीतीचा संशय घ्यावा. घरभर विखुरलेली असेल, कचऱ्याची बादली उलथून, वर्तमानपत्र फाडून, सोफ्यावर झोप काढून कुत्रे मजेत असेल, तर तो रिकामपणा समजावा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही घरात नसताना हे कळायचे कसे? आज जवळजवळ प्रत्येक घरात एखादा जुना मोबाइल पडलेला असतो. तो कपाटावर टेकवून चित्रण सुरू करून ठेवा आणि अर्ध्या तासाने परत या. शंभर तर्कांपेक्षा ते अर्ध्या तासाचे चित्रण जास्त सांगून जाते. पशुवैद्यकाकडे जातानाही ते बरोबर न्यावे.

भिंगारच्या बाईंकडे आम्ही हेच केले. चित्रणात दिसले ते असे. बाईंनी पर्स घेतली तेव्हापासूनच कुत्रा त्यांच्या मागे मागे. दार बंद झाल्यावर तो काही वेळ कान टवकारून उभा राहिला, मग खिडकीशी गेला, पुन्हा दाराशी आला, आणि पाचव्या मिनिटाला गळा काढला. दहाव्या मिनिटाला दोन्ही पंजांनी दार ओरबाडणे सुरू झाले. ताटलीत ठेवलेल्या तुपाच्या पोळीकडे त्याने पाहिलेही नाही. बाई पाहता पाहता पदराने डोळे पुसू लागल्या. यजमान मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा एकदा लावून पाहिला.

शिक्षेने काय होते?

मी अर्धा वेळ शाळेत शिकवते. सोमवारी केलेल्या खोडीबद्दल गुरुवारी छडी मारली तर पोराला एवढेच कळते की बाई आज रागात आहेत. कुत्र्याच्या बाबतीत तर हे गुरुवारपर्यंतही जायला नको. कृती आणि शिक्षा यांत काही सेकंदांहून जास्त वेळ गेला की त्याला दोन्हींचा संबंध लागत नाही. फाटक्या उशीपाशी नेऊन त्याचे नाक घासणे, वर्तमानपत्राच्या सुरळीने मारणे, यातून तो इतकेच शिकतो की घरी परतणाऱ्या माणसाला भ्यायचे असते. भीतीने बिघडलेल्या जिवाला आणखी एक भीती दिली, तर दुखणे वाढणारच.

“पण त्याला कळतं हो, बघा कसा चोरासारखा तोंड लपवतो,” असे बहुतेक जणी सांगतात. याचीही परीक्षा झालेली आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खरोखर खाऊ चोरलेली आणि न चोरलेली अशा दोन्ही कुत्र्यांना मालकांना रागवायला लावले. ‘अपराधी’ चेहरा चोरीवर अवलंबून नव्हता, तो मालकाच्या रागावण्यावर होता. उलट चोरी न करताच बोलणी खाल्लेली कुत्री जास्त ओशाळवाणी दिसली! म्हणजे तो चेहरा ‘मी चुकलो’ असे सांगत नसून ‘तू रागावू नकोस’ असे सांगतो.

किल्ल्यातले कैदी

कोंडलेल्या जिवाला काय लागते, हे समजायला भिंगारकरांना लांब जायला नको. आमच्या छावणीजवळच नगरचा भुईकोट किल्ला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’च्या ठरावानंतर काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांना ब्रिटिशांनी तिथे आणून ठेवले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी ती मोठी माणसे. पण कोंडलेपण मोठ्या माणसालाही खातेच. नेहरूंनी काय करावे? हातात कुदळ घेतली आणि किल्ल्यातली दगडगोट्यांनी भरलेली जमीन खणून बाग केली. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ तिथेच लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच त्या खणण्याची हकिकत आहे.

मौलाना आझादांची गोष्ट तर आपल्या आजच्या विषयाला फारच जवळची. त्यांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या उर्दू पत्रसंग्रहात किल्ल्यातल्या चिमण्यांवर लिहिलेले पत्र आहे. खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली; काड्या आणि कचरा खाली पडू लागला, टेबल घाण होऊ लागले. मौलानांनी आधी छत्री घेऊन युद्ध पुकारले. चिमण्या उडायच्या आणि पुन्हा यायच्या. शेवटी हत्यार खाली ठेवून त्यांनी दाणे टाकायला सुरुवात केली. हळूहळू एकेक चिमणी धीट होत जवळ आली, आणि मौलानांनी त्यांना ‘मोती’, ‘कलंदर’ अशी नावे ठेवली. रोज थोडे दाणे, रोज थोडे जवळ आणि कधीही घाई नाही. प्राण्याला धीर कसा द्यावा हे त्या एका पत्रात आहे.

हे सांगण्याचा हेतू एवढाच, की कोंडलेल्या जिवाला दोन गोष्टी लागतात. काहीतरी काम आणि कोणीतरी सोबत. आता ही दोन्ही आपल्या घरात कशी द्यायची ते पाहू.

काय करावे

दात येणाऱ्या पिल्लासाठी सोपा उपाय आहे. जुन्या पंचाला दोन-तीन घट्ट गाठी मारून तो ओला करावा आणि फ्रीजमध्ये गार करून चावायला द्यावा. मात्र त्याचे धागे निघू लागले की टाकून द्यावा. जुनी चप्पल ‘ही तुझी’ म्हणून देऊ नका. जुनी कोणती आणि लग्नातली कोणती हे त्याने कसे ओळखावे? शिजवलेली हाडे तर मुळीच नकोत, ती टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात.

रिकामपणावर उपाय म्हणजे कुलूप लावण्याच्या आधीचा पाऊण तास. सकाळी मोठ्या कुत्र्याला निदान अर्धा-पाऊण तास चालवावे, आणि चालताना त्याला मनसोक्त हुंगू द्यावे. हुंगणे हे त्याचे वर्तमानपत्र वाचणे आहे, बरं का! निघताना खाणे ताटलीत न देता शोधायला लावावे. भाकरीचे तुकडे जुन्या चादरीच्या घड्यांत गुंडाळून ठेवा, किंवा पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली लपवा. खोके फाडेल, पसारा होईल, पण पंधरा मिनिटे डोके चालेल आणि मग झोप लागेल. असे काही नवे देताना पहिल्या एक-दोन खेपांना समोर बसून पाहावे. कागद-कापड गिळणाऱ्या कुत्र्याला ते देऊ नये.

भीतीसाठी मात्र सराव लागतो, आणि सरावाला चिकाटी. आधी निघण्याच्या खुणा बोथट करायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा किल्ल्या हातात घ्या आणि पुन्हा ठेवून भाजी निवडायला बसा. पर्स अडकवा आणि स्वयंपाकघरात फिरा. किल्ली वाजली की आई जाते, हे समीकरण पुसले पाहिजे. मग दाराबाहेर जाऊन पाच सेकंदांत आत या. पुढे दहा सेकंद, अर्धा मिनिट, एक मिनिट. कुत्रा घाबरायच्या आत परत यायचे, हा यातला मुख्य नियम. घाबरला तर आपण घाई केली असे समजून मागच्या पायरीवर यावे. जाताना गळाभेट नको, आल्यावर आरती नको. दोन्ही वेळा शांतपणा ठेवावा. दोन-तीन महिने लागले तरी निराश होऊ नका.

सराव चालू असताना त्याला एकटे ठेवायचेच नाही, ही अट कठीण आहे खरी. नाहीतर सकाळी कमावलेला धीर दुपारी जातो. यासाठी शेजारच्या आजी, वरच्या मजल्यावरची शिकवणीची मुलगी, निवृत्त झालेले काका, कोणालातरी सामील करून घ्यावे. आपल्या वाड्या-चाळींत मुले अशीच शेजारी वाढली ना? मग कुत्र्याला काय झाले!

भ्यालेल्या कुत्र्याला ‘नासधूस नको’ म्हणून लहान पिंजऱ्यात किंवा न्हाणीघरात कोंडू नका. सुटण्याच्या धडपडीत दात मोडतात, नखे उपटतात. सोबतीला दुसरा कुत्रा आणल्याने बहुधा प्रश्न सुटत नाही, कारण त्याला आठवण माणसाची येत असते. दुखणे फार असेल तर पशुवैद्यक औषधही देतात आणि सरावाच्या जोडीला त्याचा उपयोग होतो. पण घरातली माणसांची गोळी स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

हळदीकुंकू, सत्यनारायण, पाहुणे अशा वेळी कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवावे लागते. त्याची सवय कार्यक्रम नसताना लावावी. रोज दहा मिनिटे, त्याचे अंथरूण, त्याचा खाऊ आणि उघडे दार. मग ती खोली त्याला शिक्षेची वाटत नाही. एरवी बायका ओटी भरताहेत आणि आतून दारावर धडका, अशी फजिती ठरलेली!

आणि मैत्रिणींनो, उन्हाळ्यात विशेष सांभाळा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापून, जीभ बाहेर काढूनच तो अंग निववतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा काचबंद गॅलरीत दुपारी कोंडलेला कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो. सावली, हवा आणि सांडणार नाही अशा जड भांड्यात पाणी, या तीन गोष्टी असल्याशिवाय कुलूप लावू नये.

मनीचे वेगळे

मांजर सोफा ओरबाडते ते सूड म्हणून नव्हे. नखांवरचे जुने कवच काढायला, अंग ताणायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवायला तिला ओरबाडावेच लागते. तेव्हा हे बंद करता येणार नाही. जागा मात्र बदलता येते. दोन-अडीच फूट उंचीच्या जाड लाकडी ओंडक्याला सुंभ घट्ट गुंडाळा, तो हलणार नाही असा पक्का बसवा आणि सोफ्याच्या अगदी शेजारी ठेवा. अडगळीत ठेवलात तर मनी तिकडे फिरकणार नाही. सोफ्याच्या कोपऱ्याला काही दिवस जाड प्लॅस्टिक लावा. ओंडक्यावर नखे चालवली की लगेच कौतुक आणि सुक्या मासळीचा तुकडा.

बोका भिंतीवर फवारे मारत असेल तर नसबंदी केल्याने बहुतेक बोक्यांची ही सवय जाते. पण बोका वारंवार लघवीला बसतो, ओरडतो आणि होत काही नाही, असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी तुंबणे हे त्याच्या जिवावरचे दुखणे आहे.

आवराआवर

लघवीची जागा आधी टिपून घ्यावी, मग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसावी. वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून तासाभराने झाडून घ्यावा. अमोनिया असलेले द्रावण वापरू नये, त्याचा वास लघवीसारखाच असल्यामुळे प्राणी पुन्हा तिथेच बसतो. लघवीवर ब्लीचिंगही ओतू नये, त्यातून घातक वाफ निघते. फिनेल मांजराला विषारी असते. ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते, हे लक्षात ठेवा. कपाटातल्या डांबरगोळ्या, उंदराचे औषध, मनुका-द्राक्षे, चॉकलेट ही कुत्र्याच्या तोंडी लागणार नाहीत अशी ठेवा. कुरतडलेल्या दाराला लाकडाची पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून रंग द्यावा आणि खाली फूटभर पातळ पत्रा ठोकावा. पत्र्याची कड मात्र दुमडून घ्या, नाहीतर पंजा कापायचा.

सोडून येण्याविषयी

ढाब्याजवळ सोडलेला पाळीव कुत्रा ‘जगेल’ असे आपण म्हणतो ते आपल्या समाधानासाठी. त्याला वाहनांची वर्दळ माहीत नसते, तिथली कुत्री त्याला आपल्यात घेत नाहीत, अन्न शोधणे त्याने कधी केलेले नसते. तो रस्त्याच्या कडेला बसून आपल्या गाडीची वाट पाहतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळीव प्राण्याला उपाशी-तहानलेला राहील असा टाकून देणे हा गुन्हा आहे. आखूड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला न फिरवणे, हेही त्याच कलमात येते. दंड त्या काळच्या हिशेबाचा, अगदी किरकोळ आहे. पण महाप्रस्थानाला निघालेल्या धर्मराजाने स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडायचे नाकारले, ही कथा ऐकत आपण वाढलो. तिला दंडाची आठवण करून द्यावी लागू नये. अगदीच सांभाळणे अशक्य असेल तर सगळे गुणदोष स्पष्ट सांगून, माहितीच्या चांगल्या घरी द्यावे. त्यात कमीपणा नाही.

आता भिंगारच्या बाईंचे. त्यांनी घरमालकांना ते चित्रण दाखवले, दाराची भरपाई लिहून दिली आणि मुदत दिवाळीपर्यंत वाढवून घेतली. खालच्या मजल्यावरच्या आजींना सांधेदुखीमुळे बाहेर पडता येत नाही. दुपारी कुत्रा त्यांच्याकडे असतो. आजी पोथी वाचतात, तो पायाशी झोपतो. सकाळी फिरवण्याचे काम यजमानांनी उचलले. हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. प्राणी येतो मुलांच्या हट्टाने, मिरवतो यजमानांच्या हौसेने आणि निस्तरायचे ते आपण, असे बहुतेक घरांत असते. आणायच्या आधीच फिरवणार कोण, पुसणार कोण, गावाला गेल्यावर सांभाळणार कोण, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. हसू नका! आमच्या वर्गात फळा पुसण्याची पाळीसुद्धा लिहून ठेवली तरच पाळली जाते.

आठ आठवड्यांच्या सरावानंतर तो कुत्रा चाळीस मिनिटे एकटा शांत राहू लागला आहे. सात तास कदाचित तो कधीच राहणार नाही, आणि बाईंनी ते मान्य करून आजींची सोय कायमची ठरवली आहे. दिवाळीच्या फटाक्यांत काय होईल याची धास्ती त्यांना आहेच. म्हणून त्यांना आणि तुम्हालाही सांगते, लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुत्र्याला एकटे ठेवून बाहेर जाऊ नका. आतल्या खोलीच्या खिडक्या बंद करा, जाड पडदे ओढा, रेडिओ लावा आणि घरातल्या एकाने त्याच्याजवळ बसा. त्याला जवळ घेतल्याने तो लाडावतो असे काही नाही; घाबरलेल्याला जवळच घ्यायचे असते.

तुमच्या घरच्या मनी-मोत्यांच्या खोड्या आणि त्यांवर तुम्ही शोधलेल्या युक्त्या अवश्य कळवा. पुढच्या अंकात दिवाळीच्या साफसफाईत लागणाऱ्या रसायनांविषयी, आणि ती लहान मुलांपासून कुठे ठेवावीत याविषयी बोलू.